वंशावळीचं काम पैसे घेऊन करायचं तर आधी काय शिकावं? (चूक झालीये, म्हणून विचारतेय)

तिसरी_पिढी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि तेही चूक कबूल करायला. सहा-सात वर्षं झाली वंशावळी शोधायचा नाद लागून, आधी स्वतःच्या घरची केली, मग नातेवाइकांच्या, मग मैत्रिणींच्या, आणि दोनेक वर्षांपासून अनोळखी लोक विचारायला लागले तसे पैसे पण घ्यायला लागले. इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

झालं असं की एका क्लायंटला त्यांच्या पणजोबांचे आईवडील शोधून हवे होते. नाव माहीत, गाव माहीत, जन्मसाल अंदाजे माहीत. ऑनलाइन इंडेक्समध्ये त्या नावाची त्या गावातली एकच जन्मनोंद सापडली, साल एखाद्या वर्षाने इकडेतिकडे, म्हटलं मिळाले पणजोबा. तिथून वर चार पिढ्या काढल्या, मस्त चार्ट करून दिला, त्यांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि फोटो पण पाठवला मला. आणि मागच्या आठवड्यात भलत्याच कामासाठी त्याच गावच्या मृत्यूनोंदींची पानं चाळत होते तर एका ओळीवर थांबलेच. तेच नाव, तेच आईवडील, वय दोन वर्षं. म्हणजे ज्या बाळाला मी कुणाचा तरी पणजोबा करून टाकलं ते बाळ दोन वर्षांचं असतानाच गेलं होतं. त्याच्या वरच्या चारही पिढ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी.

तेव्हापासून झोप नाही नीट. क्लायंटला अजून सांगितलेलं नाही. प्रश्न असा की हे काम प्रोफेशनली करणारे लोक अशा चुका होऊ नयेत म्हणून नक्की काय करतात? काही ठरलेले नियम असतात का, कोर्स, सर्टिफिकेट वगैरे? की अनुभवानेच येतं? आणि मी आत्ता थांबावं का हे पैशाचं काम?

जुनी_वही:
ताई, आधी एक सांगतो, ही चूक या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कॉमन चूक आहे. मी पण केलीये, फक्त माझ्या वेळेला चार्ट फ्रेम झाला नव्हता एवढाच काय तो फरक.

आता तुम्ही विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. नियम आहेत. अमेरिकेत बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जीनिअलॉजिस्ट्स म्हणून वंशावळ शोधणाऱ्यांना सर्टिफिकेट देणारी संस्था आहे १९६४ पासूनची, त्यांनी मांडलेला जीनिअलॉजिकल प्रूफ स्टँडर्ड (वंशावळ सिद्ध झाली कधी म्हणायचं त्याचा निकष) आता या क्षेत्रात बहुतेक सगळे मानतात. त्यात पाच गोष्टी आहेत. शोध पुरेसा खोलवर झालेला हवा, प्रत्येक विधानाला पूर्ण आणि अचूक संदर्भ हवा, मिळालेल्या माहितीची छाननी करून ती एकमेकींशी ताडून बघितलेली हवी, परस्परविरोधी पुरावा असेल तर त्याचा निकाल लावलेला हवा, आणि शेवटी निष्कर्ष नीट कारणांसकट लिहून काढलेला हवा. पाचातली एक जरी राहिली तरी ते सिद्ध झालं असं म्हणायचं नाही. गंमत म्हणजे आधी कोर्टातल्यासारखं 'पुराव्याचं पारडं जड' ही भाषा वापरायचे, पण कोर्टाला एका तारखेला निकाल द्यावाच लागतो, आपल्याला तशी सक्ती नाही, 'अजून ठरत नाही' हे पण आपलं चालणारं उत्तर आहे. म्हणून ती भाषा सोडून दिली त्यांनी.

तुमच्या केसमध्ये तुम्ही पहिल्याच पायरीवर थांबलात. पुरेसा शोध म्हणजे जगातले सगळे कागद नव्हेत हो, पण तुमचा निष्कर्ष ज्या कागदाने कोसळू शकतो तो कागद तरी बघितलेला पाहिजे. मी आता काय करतो, एखादी जन्मनोंद मिळाली की आनंद बाजूला ठेवून आधी त्या बाळाला 'मारायचा' प्रयत्न करतो. पुढच्या दहा-बारा वर्षांच्या मृत्यूनोंदी एकेक करून बघायच्या. मग बघायचं की त्याच आईवडिलांनी पुढच्या मुलाला परत तेच नाव दिलंय का, कारण मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची पद्धत बऱ्याच समाजांत होती. मग शेजारच्या गावांत त्याच नावाचा त्याच सुमाराचा दुसरा कोणी आहे का. तिन्हीतून बाळ जिवंत सुटलं तरच पुढे. ऐकायला क्रूर वाटतं पण काम असंच करायचं असतं.

आणि इंडेक्सवर भरवसा कधीच नाही. इंडेक्स म्हणजे कुणीतरी, कधीतरी, घाईत वाचून टाइप केलेली यादी. 'एकच नोंद मिळाली' याचा अर्थ एवढाच की त्या यादीत एकच आहे. वहीची पानं स्वतः उलटायची, आणि कुठली पानं उलटली, काय सापडलं नाही, हे पण लिहून ठेवायचं. सापडलं नाही ते लिहून ठेवणं हीच खरी प्रोफेशनलची खूण आहे असं माझं मत, कारण सापडलेलं तर सगळेच लिहितात.

शाईचा_डाग:
जुनी वही दादांशी बाकी सगळ्यात सहमत, पण ते सर्टिफिकेटचं जरा जास्तच डोक्यावर घेतात लोक. वंशावळ शोधायला बहुतेक ठिकाणी लायसन लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावून बसू शकतो. मला इतक्या वर्षांत दोन-तीन क्लायंट सोडले तर कुणी विचारलं नाही की तुमच्या नावापुढे सर्टिफिकेटची कुठली अक्षरं आहेत. डोनाल्ड लाइन्स जेकोबस हा अमेरिकन वंशावळ-संशोधक १९२२ पासून वंशावळींचं नियतकालिक चालवत होता, पुराव्याशिवाय वंशावळ नाही ही शिस्त अमेरिकेत रुजवण्यात त्याचा मोठा हात, तेव्हा तर हे बोर्ड जन्मालाही आलं नव्हतं.

आणि उलट बाजूने बघा. गुस्ताव्ह आंजू नावाचा एक महाभाग होऊन गेला, १९४२ ला वारला, श्रीमंत अमेरिकन घराण्यांना बापजाद्यांची मोठमोठी नावं विकायचा. त्याची गोम ऐकण्यासारखी आहे. त्याच्या वंशावळींत संदर्भांचा नुसता पाऊस, आणि त्यातले बहुतेक संदर्भ खरे, कागद खरोखर आहेत आणि त्यात तो म्हणतो तेच लिहिलंय. फक्त जिथे दोन घराणी एकमेकांना जोडायची तिथे मध्येच एखादा बनवलेला कागद, आणि नेमका त्याच कागदाला संदर्भ नाही. दीडशे तळटीपा बघून माणूस दिपून जातो आणि ती एक मोकळी जागा कुणाला दिसतच नाही. अजूनही ऑनलाइन ट्रींमध्ये त्याचा माल फिरतोय. सांगायचा मुद्दा काय, किती संदर्भ आहेत ते मोजू नका, सांधा बघा. बाप आणि मुलगा जिथे जोडलाय तिथे काय कागद आहे? तिथे नसेल तर बाकीचे शंभर कागद शोभेचे.

त्यामुळे माझा सल्ला, फी भरायच्या आधी चांगल्या नियतकालिकांतले केस स्टडी वाचा. एक घ्यायचा, निष्कर्ष झाकून ठेवायचा, पुरावा वाचायचा आणि स्वतः ठरवायचं तुम्ही कुठे पोचलात. मग उघडून बघायचं. मी पाच-सहा असे केले तेव्हा कळलं आपण किती उतावळे आहोत.

कोपऱ्यातली_टीप:
शाईचा डाग, अक्षरं कुणी विचारत नाही हे खरं असेल पण त्या अक्षरांसाठी जी तयारी करावी लागते तिचं काय? मी सध्या त्याच तयारीत आहे म्हणून सांगते. त्या बोर्डाची लेखी परीक्षा नसतेच, पोर्टफोलिओ द्यायचा असतो. त्यात ते देतात त्या जुन्या कागदाचं जसंच्या तसं लिप्यंतर आणि सारांश, त्यावर पुढचा शोध कसा करणार याचा प्लॅन, एक खऱ्या क्लायंटसाठी केलेला रिपोर्ट, एक केस स्टडी ज्यात पुरावे एकमेकांच्या विरोधात आहेत किंवा थेट पुरावाच नाहीये, आणि तीन पिढ्यांचं सलग कथन प्रत्येक नात्याच्या पुराव्यासकट. परीक्षक वेगवेगळे बसून तपासतात. मिळालं तरी कायमचं नाही, दर पाच वर्षांनी परत काम दाखवायचं. दुसरी संस्था आहे आयकॅपजेन, त्यांचं वेगळं, एखादा प्रदेश निवडायचा आणि त्या प्रदेशाच्या नोंदींवर लेखी आणि तोंडी परीक्षा. इंग्लंडमध्ये आग्रा म्हणून संघटना आहे १९६८ पासून (ताजमहालवालं नाही 😄), ती पण काम बघून मगच सभासद करून घेते. असोसिएशन ऑफ प्रोफेशनल जीनिअलॉजिस्ट्सचं मात्र लक्षात ठेवा, तिथे आचारसंहितेवर सही करून सभासद होता येतं, ती परीक्षा नव्हे, त्यामुळे कुणी 'मी सभासद आहे' म्हणून सांगितलं तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. रीतसर शिकायचंच असेल तर स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा घरबसल्या करायचा पदव्युत्तर कोर्स आहे, एमएससीपर्यंत.

पण मला सगळ्यात जास्त कशाने शिकवलं विचाराल तर लिप्यंतराने. वाटलं होतं यात काय, बघून लिहायचं. रोज एक पान करते. पहिल्या महिन्यात मी केलेली पानं आता परत तपासली तर लाज वाटली. स्पेलिंग मनानेच सुधारलेली, खोडलेला शब्द दिलाच नाही, समासातली बारीक टीप सोडून दिलेली. एका पानावर तर नावाच्या वर अगदी बारीक अक्षरात 'धाकटा' असं होतं आणि मी ते गाळलं होतं. त्या एका शब्दावर माणूस बदलतो! आणि मग पुढची मजा, जुन्या इंग्रजी नोंदींत सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही, कधी काका-पुतण्या, कधी नातंच नसलेले एका गावातले दोन जण, नुसतं ओळखायला लावलेलं. 'इन-लॉ' म्हणजे कधीकधी सावत्र. शब्द त्या काळात काय अर्थाने वापरायचे हे माहीत नसलं तर बरोब्बर वाचून पण चूक होते.

तसंच आकड्यांचं. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधराच्या वरच्या लोकांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३५ लिहिलंय तो ३९ चा पण असू शकतो. १७५२ च्या आधी तिकडे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे मुलाचा जन्म जूनमध्ये आणि बाप त्याच सालच्या फेब्रुवारीत गेला असं कागदावर दिसलं तर आपण म्हणतो बाप जाऊन चार महिन्यांनी मूल झालं, आणि प्रत्यक्षात तो फेब्रुवारी त्या जूनच्या नंतरचा असतो. कागद खोटा नसतो, आपल्यालाच त्याची सवय नसते. ज्या भागात काम करायचं तिथली नोंद कोण, कधी आणि कशासाठी करायचं हे आधी वाचा, मग नावं शोधा.

तिसरी_पिढी:
बापरे, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार सगळ्यांचे. 'मारायचा प्रयत्न' वाचून आधी दचकले मग हसले. एक शंका, मला मृत्यूदाखल्यावरची आईवडिलांची नावं तरी पक्की वाटायची, तो सरकारी मूळ कागद असतो ना? आणि डीएनए टेस्टने हे सगळं सरळच सुटत नाही का?

जुनी_वही:
कागद मूळ आहे म्हणून त्यातली सगळी माहिती पक्की असं नाही ताई, हे दोन वेगळे प्रश्न. मृत्यूदाखला मूळ कागद, पण त्यावर मृत्यूची तारीख सांगणारा तिथे हजर होता, आणि त्याच कागदावर मयताच्या आईचं माहेरचं आडनाव सांगणारा असतो जावई, ज्याने त्या बाईला कधी पाहिलं पण नाही. एकाच कागदावर एक माहिती प्रत्यक्षदर्शी आणि दुसरी ऐकीव. म्हणून मी प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारतो, कागद मूळ आहे की नक्कल की कुणी लिहिलेला ग्रंथ, माहिती सांगणारा कोण आणि त्याला कसं माहीत, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर ती थेट देते की आडून. एलिझाबेथ शोन मिल्स या अमेरिकन वंशावळ-संशोधक बाईंनी हे फार नीट मांडून ठेवलंय. आणि त्यांचंच अजून एक, माणूस सापडत नसेल तर त्याचे मित्र, सोबती, शेजारी शोधा. लग्नाला साक्षीदार कोण, जमिनीला शेजार कुणाचा, मृत्यूपत्रावर सही कुणाची. एकाच नावाचे दोघे असले तरी दोघांचे शेजारी आणि साक्षीदार सहसा तेच नसतात, तिथे फोड होते.

सेंटिमॉर्गन:
डीएनएचं मी सांगते, माझं बरंचसं काम त्यातच आहे. सुटत नाही सरळ. समजा दोघांचं साधारण १७५० सेंटिमॉर्गन (सारखा डीएनए मोजायचं माप) जुळलं. ते आई किंवा बाप एकच असलेली सावत्र भावंडं असतील, किंवा आजोबा-नातू, किंवा काका-पुतण्या, तिन्ही नात्यांत साधारण पाव हिस्साच सारखा असतो. आकडा एकच, नाती तीन. मग वयं बघा, बाकीचे मॅच बघा, आणि शेवटी परत कागदच उघडा. त्या अमेरिकेतल्या बोर्डाने आपल्या निकषांच्या पुस्तकाच्या २०१९ च्या आवृत्तीत डीएनएसाठी वेगळे निकष घातले ते याच कारणाने, कागदाशिवाय डीएनए बोलत नाही आणि जिथे डीएनए उपलब्ध आहे तिथे तो न बघता कागद पुरेसा नाही.

पण त्याहून मोठं म्हणजे माणसं. टेस्ट करायच्या आधी क्लायंटला बसवून सांगायचं की यातून असंही निघू शकतं की ज्यांना तुम्ही वडील म्हणता ते वडील नाहीत, आणि ते एकदा कळलं की परत न कळल्यासारखं करता येत नाही. चालेल का? लिहून घ्यायचं. मी एकदा हे बोलणं फोनवर उरकलं होतं, दोन मिनिटांत, कारण समोरचे म्हणाले आमच्या घरात असलं काही नाही. होतं. त्या बाईंच्या आवाजात जो बदल झाला तो अजून कानात आहे. जिवंत माणसांची नावं, तारखा, टेस्टचे निकाल त्यांच्या परवानगीशिवाय रिपोर्टमध्ये किंवा ऑनलाइन ट्रीवर टाकायचे नाहीत, क्लायंट पैसे देतोय म्हणून त्याच्या चुलत भावाचं गुपित त्याच्या मालकीचं होत नाही.

आणि हो, क्लायंटला निकालाची हमी द्यायची नाही कधीच. आपण तास आणि शोध विकतो, पूर्वज नाही. काम घेतानाच लिहून द्यायचं की प्रश्न काय, किती तास, काय हातात मिळेल, आणि काही नाही सापडलं तरी रिपोर्ट मिळेल. हमी दिली की मग कुठली तरी नोंद 'बसवायचा' मोह होतोच.

शाईचा_डाग:
+१. आणि आता त्यात एआयची भर. हस्ताक्षर वाचून देतं झरझर, मी पण वापरतो, पण ज्या शब्दावर शाई सांडलीये तिथे पण अगदी आत्मविश्वासाने काहीतरी लिहून देतं. नक्कल समजायची आणि चित्राशी ताडून बघायची. बाकी कोपऱ्यातली टीप ताईंचं मान्य, तयारीने माणूस सुधरतो, माझा राग अक्षरं मिरवणाऱ्यांवर आहे.

तिसरी ताई, तुमचा खरा प्रश्न मात्र कुणी घेतला नाही. क्लायंटला सांगायचं. आजच. फोन नको, लेखी. काय म्हटलं होतं, काय सापडलं, त्यामुळे कुठला भाग रद्द आणि कुठला अजून उभा, आणि पुढचा शोध तुमच्या खर्चाने. चार्ट फ्रेममध्ये आहे म्हणजे त्याचे फोटो आत्तापर्यंत सगळ्या नात्यात गेले असणार, जितका उशीर तितक्या जास्त ट्रींमध्ये ते दोन वर्षांचं बाळ पणजोबा होऊन बसणार.

तिसरी_पिढी:
दहा दिवसांनी परत आलेय. पत्र पाठवलं. चार वेळा लिहिलं, आधीच्या तिन्हींत मी कारणंच जास्त देत होते (इंडेक्स असा होता, वेळ कमी होता), चौथ्यात फक्त मृत्यूनोंदीचा फोटो, वहीचं नाव, पान, ओळ आणि चार्टमधल्या कुठल्या पेट्या खोडायच्या ते. दोन दिवस काही उत्तर नाही, माझा जीव टांगणीला. मग त्यांचा मेल आला, फ्रेम काढून ठेवलीये, राग आलाय असं स्पष्ट लिहिलंय, पण शेवटी लिहिलंय की मग खरे कोण ते शोधा.

म्हणून परत पहिल्यापासून बसले. या वेळी आधी लॉग उघडला आणि मग वही. त्या गावच्या तीस वर्षांच्या जन्मनोंदी पान पान बघितल्या, नाही, तसं लिहून ठेवलं. मग पणजोबांच्या लग्नाचे साक्षीदार काढले, दोघांपैकी एकाचं आडनाव शेजारच्या गावातलं निघालं, मग त्या गावची वही घेतली. आणि तिथे एक नोंद मिळालीये!! नाव तेच पण आडनावाचं स्पेलिंग असं काही लिहिलंय की इंडेक्समध्ये कुणाला जन्मात सापडलं नसतं, साल बरोबर बसतंय, आणि बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव आणि त्या साक्षीदाराचं आडनाव एकच. काल रात्री हे दिसलं तेव्हा खुर्चीतून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. अजून क्लायंटला कळवलेलं नाही.

जुनी_वही:
छान. त्या गावच्या मृत्यूनोंदी?

तिसरी_पिढी:
आठ वर्षांच्या झाल्या दादा, अजून जिवंत आहे. चार राहिल्यात.